गोल्डफिश वर येऊन धापा टाकतायत, कुठलं औषध घालू?

मीनाक्षी०७ | सोमवार, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसती वाचनमात्र) आहे, पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही घाईत.

६० लिटरची टाकी, दोन गोल्डफिश. ठमी आणि गुंड्या (नावं लेकीने ठेवलीत, मला बोलू नका). टाकी लावून आठ महिने झाले, आत्तापर्यंत काही तक्रार नव्हती. परवा सकाळपासून दोघं पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून बसलेत. तोंडाची सारखी उघडमीट, कल्ल्यांची झाकणं भात्यासारखी हलतायत. खाणं टाकलं की येतात, तोंडात घेतात आणि थुंकून देतात. ठमीचा डावा कल्ला नीट उघडतही नाहीये असं वाटतं. अंगावर ठिपके नाहीत, पर फाटलेले नाहीत.

काल एक तृतीयांश पाणी बदललं आणि घरात होतं ते निळं औषध घातलं. ढिम्म फरक नाही. दुसरं कुठलं औषध घालू? लेक शाळेतून यायच्या आत काहीतरी करायला हवं.

---

शेवाळराव | सोमवार, सकाळी ८:०५

आधी औषध थांबवा. दोन्ही मासे एकदमच धापा टाकतायत म्हणजे दहात नऊ वेळा दुखणं माशात नसतं, पाण्यात असतं.

आत्ताच्या आत्ता: खाणं बंद. एअर पंप असेल तर चोवीस तास चालू. टाकीतलं पाणी चार बोटं कमी करा, म्हणजे फिल्टरचं पाणी उंचावरून पडून वरचा थर ढवळला जाईल. पाण्यावर तेलकट साय दिसत असेल तर कागदाने टिपून काढा.

मग उत्तरं द्या:
अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच किती? (पाणी "स्वच्छ दिसतंय" हे उत्तर नाही.)
तापमान किती?
गेल्या पंधरा दिवसांत नवीन काय झालं? नवा मासा, नवं झाड, खोलीत रंगकाम, फवारणी, टाकीची साफसफाई, काहीही.

---

टवाळ_कार्टा | सोमवार, सकाळी ८:११

शीर्षक वाचून वाटलं तुम्हीच धापा टाकताय. आयडी मीनाक्षी आणि प्रश्न माशाचा, योग जुळून आलाय.

---

बोलघेवडा | सोमवार, सकाळी ८:३०

एवढं किट-बिट काही लागत नाही हो. सगळं पाणी काढा, टाकी घासा, खडे गरम पाण्यात खळखळून धुवा, फिल्टर चकाचक करा, ताजं पाणी भरा. संध्याकाळी मासे उड्या मारतील. मी दहा वर्षं हेच करतोय. टेस्ट किट ही विकणाऱ्यांनी काढलेली टूम आहे.

---

निवांत_पाणी | सोमवार, सकाळी ८:५२

मीनाक्षीताई, वरचा सल्ला कृपया ऐकू नका. बोलघेवडा, राग मानू नका, पण मी नेमकं हेच केलंय आणि त्याची किंमत मोजलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी टाकी चार वर्षं जुनी होती. पाणी बदलायचा कंटाळा. वाफ होऊन गेलं की वरून भरायचं, एवढंच. मासे टुणटुणीत. एक दिवस पाणी पिवळट वाटलं म्हणून अंगात आलं आणि ऐंशी टक्के बदललं. रात्री झोपताना मासे वर आलेले दिसले, म्हटलं नव्या पाण्याची मजा घेतायत. सकाळी सहातले चार गेलेले. उरलेल्या दोघांचे कल्ले लालभडक.

झालं काय होतं? जुन्या पाण्यातला क्षारपणा हळूहळू संपतो आणि पीएच घसरत जातो. माझ्याकडे तो सहाच्या आसपास आला असणार. त्या पीएचला अमोनिया जवळपास सगळा अमोनियम या रूपात असतो आणि ते माशाला फारसं बाधत नाही. शिवाय इतक्या आम्ल पाण्यात फिल्टरमधले जीवाणूही मंदावतात, म्हणजे ते साठतच जातं. मी आठच्या पीएचचं ताजं पाणी ओतलं आणि उरलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया झाला. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. एका अंकात जवळपास दसपट! पाणी स्वच्छ करायला गेलो आणि हाताने विष कालवलं.

म्हणून आधी मोजा, मग बदला.

---

बोलघेवडा | सोमवार, सकाळी ९:१०

मी दर महिन्याला बदलतो, चार वर्षं साठवत नाही. आमचं पाणी आमचे मासे. चालू द्या.

---

साळुंकी | सोमवार, सकाळी ९:२५

वाचतेय. माझा फायटरही दर दोन मिनिटांनी वर येऊन हवा गिळतो. मीही घाबरू का?

---

शेवाळराव | सोमवार, सकाळी ९:४०

@साळुंकी नाही. फायटर आणि गुरामी यांच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याने ते थेट हवेतून प्राणवायू घेतात. वर येणं हा त्यांचा धर्म आहे. उलट वर यायची वाट बंद झाली तर हा मासा पाण्यात गुदमरतो. म्हणून टाकी काठोकाठ भरू नका आणि झाकणाखाली थोडी हवा राहू द्या.

काळजी कधी? तो वर येऊन तिथेच थांबला, कल्ले धडधडत राहिले किंवा तळाशी पडून हलके हलके श्वास घ्यायला लागला तर. एक घोट घेऊन निघून गेला तर खुशाल झोपा.

---

डुबकी | सोमवार, सकाळी ९:५५

अवांतर: माझ्याकडे कोरिडोरास आहेत. ते बाणासारखे वर जाऊन एक घोट हवा घेतात आणि तितक्याच वेगाने तळाशी. ती हवा ते आतड्यातून शोषतात! मासा आतड्याने श्वास घेतो हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा खात्री केली होती. पण दिवसातून चार-सहा वेळा असायचं ते दर मिनिटाला व्हायला लागलं तर समजायचं, पाण्यात प्राणवायू कमी पडतोय.

---

टवाळ_कार्टा | सोमवार, सकाळी १०:०२

आतड्याने श्वास. आमच्या ऑफिसात एक आहेत असे. उलट्या दिशेने.

---

मीनाक्षी०७ | सोमवार, दुपारी १२:४०

सगळ्यांचे आभार. किट आणलं, नळ्या हलवून हलवून हात दुखले. आकडे:

अमोनिया ०.५
नायट्राइट २ (नळी चक्क जांभळी झाली)
नायट्रेट १०
पीएच ७.६
तापमान २८

नवीन काही आणलं नाही. पाणी बदलताना अँटीक्लोरीनचे थेंब न चुकता घालते. फवारणी नाही.

आता एक कबुली. आठ दिवसांपूर्वी फिल्टर फार घाण दिसला म्हणून स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून घेतला. पांढराशुभ्र होईपर्यंत. आतली काळी घाण जाताना इतकं बरं वाटलं होतं. हेच का?

---

शेवाळराव | सोमवार, दुपारी १:१५

हेच.

ती काळी घाण म्हणजेच तुमचा फिल्टर होता. स्पंजचं काम नुसतं कचरा अडवायचं नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं एक जीवाणू नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात. हे जीवाणू स्पंजला चिकटून राहतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात पिळलात आणि मोठा हिस्सा वाहून गेला, उरले त्यातले बरेच मेले. नव्या टाकीत ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमची टाकी आठ महिन्यांची आहे, पण फिल्टर आठ दिवसांचा.

पुढच्या वेळी स्पंज पिळायचा तो टाकीतूनच बादलीत काढलेल्या पाण्यात. दोनदा दाबायचा, बस्स. मळका दिसला तरी चालेल.

दुसरी गोष्ट, ते निळं औषध. मिथिलीन ब्लू असणार. ते वेगळ्या टबात ठीक, पण मुख्य टाकीत घातलं की उरलेसुरले जीवाणूही त्याच्या तडाख्यात येतात. कार्बनची पिशवी फिल्टरमध्ये टाका, निळेपणा ओढून घेईल.

आणि धापा का? नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचा प्राणवायू धरायचा गुणच घालवतं. रक्त चॉकलेटी होतं. पाण्यात प्राणवायू कितीही असो, मासा घुसमटतो. सवड मिळेल तेव्हा टॉर्चने कल्ल्यांच्या आत पाहा. निरोगी कल्ला लालबुंद असतो, तुमच्यांचे विटकरी दिसतील असा अंदाज.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:३०

+१. आणि २८ अंश गोल्डफिशला जरा जास्तच. २० अंशाला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. तिकडे उष्णतेने माशाची गरज वाढलेली. आवक कमी, खर्च जास्त. टाकीचं झाकण काढा, पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावा, दोनेक अंश सहज उतरतात. बर्फाचे तुकडे टाकू नका, एकदम उतरलं की वेगळाच धक्का.

---

डुबकी | सोमवार, दुपारी १:४४

बुडबुड्यांबद्दल एक गैरसमज: प्राणवायू बुडबुड्यातून फारसा विरघळत नाही, तो वर येऊन पृष्ठभाग फोडतो त्याचा उपयोग. म्हणून गोल बाऊल गळ्यापर्यंत भरणं वाईट. पोटाशी जिथे सर्वात रुंद आहे तिथपर्यंतच भरला तर पाणी कमी, पण हवेला लागणारा पृष्ठभाग जास्त. (मुळात बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवूच नये, ते वेगळं.)

---

निवांत_पाणी | सोमवार, दुपारी २:०५

आता उपाय. पीएच ७.६ आहे, म्हणजे तुमचं पाणी घसरलेलं नाही. पाणी बदलायला हरकत नाही. रोज तीस-चाळीस टक्के, तापमान जुळवून, अँटीक्लोरीन घालून, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत.

आणि मीठ. हसू नका. कल्ल्यांमधल्या ज्या पेशी पाण्यातून क्लोराइड आत ओढतात त्याच वाटेने नायट्राइट शिरतं. क्लोराइड भरपूर असलं की दाराशी गर्दी त्याचीच होते आणि नायट्राइट बाहेर राहतं. लिटरला १ ग्रॅम पुरे. तुमची टाकी ६० लिटरची असली तरी खडे आणि वरची रिकामी जागा सोडून पाणी पन्नास लिटरच असेल, म्हणजे ५० ग्रॅम. मगात विरघळवून तीन-चार तासांत थोडं थोडं. नुसते खडे टाकीत ओतू नका.

महत्त्वाचं: मिठाची वाफ होत नाही. वाफ होऊन गेलेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही. जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत.

---

डुबकी | सोमवार, दुपारी २:२०

कोरिडोराससारखे बिनखवल्यांचे मासे किंवा नाजूक झाडं असतील त्यांनी मात्र बेतानं. गोल्डफिशला एवढ्याने काही होत नाही.

---

बोलघेवडा | सोमवार, दुपारी २:३१

मिठाचा सल्ला बरोबर आहे. माझे आजोबाही घालायचे. त्यांच्याकडे किट नव्हतं.

---

काचेपलीकडे | सोमवार, रात्री ९:१८

उशिरा आले. कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते: ६० लिटरमध्ये दोन गोल्डफिश मुळात दाटीवाटी आहे. हे मासे वाढतात, खातात खूप आणि हागतात त्याहून खूप. फिल्टरला उसंतच नाही. आज स्पंजामुळे झालं, उद्या दोन दिवस जास्त खाणं पडलं म्हणून होईल. हे बोचेल, पण मोठी टाकी हाच त्यावरचा उपाय आहे.

आणि डासांचा फवारा मारणारे वाचत असतील त्यांच्यासाठी: त्यातली पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारताना पंप बंद करायचा आणि टाकी झाकायची हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

---

मीनाक्षी०७ | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

चार दिवसांचा वृत्तांत.

कार्बन, मीठ, पंखा, रोज पाणी. नायट्राइट २ वरून ०.२५ वर आलंय, अमोनिया जवळपास नाही. कल्ले खरंच विटकरी दिसत होते, शेवाळरावांना दंडवत. लेकीला कामाला लावलंय: घड्याळ घेऊन बसते आणि अर्ध्या मिनिटात कल्ले किती वेळा हलतात ते वहीत लिहिते. सोमवारी दोघांचेही ७० च्या आसपास. आज गुंड्या ४०. खडे उकरतोय, खाणं मागतोय, काचेवर तोंड आपटतोय. तो बरा झाला.

ठमी मात्र ६५. वर येणं थांबलंय, पण कोपऱ्यात उभी राहते. डावा कल्ला चिकटवल्यासारखा मिटलेला, सगळा श्वास उजव्याने. आज दोनदा फिल्टरच्या नळीला अंग घासताना दिसली, आणि मधूनच मोठ्ठी जांभई देते.

पाणी दोघांचं एकच. मग हिलाच का?

---

शेवाळराव | गुरुवार, संध्याकाळी ७:००

वा, हा धाग्यातला खरा प्रश्न आला. पाणी सुधारल्यावर एक बरा आणि एक नाही, म्हणजे आता दुखणं माशाचं. एकच कल्ला मिटलेला, घासणं, जांभया ही कल्ल्यातल्या कृमींची लक्षणं. सोमवारीही होतीच, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये डावा कल्ला म्हणाला होतात. आम्ही सगळ्यांनी ते वाक्य वाचून सोडून दिलं.

---

रात्रपाळी | गुरुवार, संध्याकाळी ७:१२

इतकी घाई नको. गोल्डफिश खडे तोंडात घेतात. माझ्याकडे एकाच्या घशात खडा अडकला होता आणि मी आठवडाभर औषधं घातली. तोंड पूर्ण मिटतं का बघा. खडा असेल तर तोंड अर्धवट उघडंच राहतं.

शिवाय इक हा रोग. पांढरे ठिपके अंगावर दिसायच्या आधी ते कल्ल्यांत असू शकतात. आणि वेल्व्हेट: अंधारात टॉर्च तिरका धरून पाहा, अंगावर सोनेरी धूळ दिसली तर ते.

---

मीनाक्षी०७ | गुरुवार, रात्री ८:४०

दिवे घालवून टॉर्च मारला. सोनेरी धूळ नाही. तोंड पूर्ण मिटतं. उजवा कल्ला लाल. डाव्याची जेवढी फट दिसते त्यात कडेला फिकट आणि चिकट काहीतरी.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ९:२५

मी प्रयोगशाळेत काम करते, माशांची डॉक्टर नाही. पण फ्लूक (म्हणजे हेच कल्ल्यातले कृमी) की आणखी काही हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, हे आधी मान्य करू. जलचर पाहणारे पशुवैद्य असतील तर कल्ल्याचा नखाएवढाही नाही असा तुकडा किंवा चिकट द्रव काचपट्टीवर घेऊन पाहतात. डॅक्टिलोगायरस असेल तर गोगलगाईसारखा ताणला-आखडला जाणारा जंत दिसतो, डोक्याकडे चार काळे ठिपके, मागे आकडे. हा अंडी घालतो. गायरोडॅक्टिलस बहुतेक कातडीवर असतो, त्याला ते ठिपके नसतात आणि तो थेट पिल्लं देतो.

हा फरक कशासाठी? औषध प्राझिक्वांटेल. ते जंत मारतं, अंडी नाही. त्यामुळे डॅक्टिलोगायरस असेल आणि एकदाच डोस दिला तर आठवड्याने पहिले पाढे पंचावन्न. अंडी फुटायला वेळ द्यायचा आणि मग दुसरा डोस. पाणी थंड असेल तर हे अंतर आणखी वाढतं. मात्रा बाटलीवर आहे तीच, अंदाजपंचे नाही. कार्बनची पिशवी आधी बाहेर काढा, नाहीतर ती औषधच गिळेल. हवा पूर्ण चालू.

फॉर्मॅलिन सुचवणारे येतील. ते पाण्यातला प्राणवायू ओढतं. आधीच दम लागलेल्या माशाला ते नको.

---

मीनाक्षी०७ | पुढच्या महिन्यात, रविवार, सकाळी ११:००

धागा वर काढतेय.

एका पशुवैद्यबाईंनी काचपट्टी पाहिली. चार ठिपके! मलाही दाखवले. इतका किळसवाणा आणि इतका देखणा प्राणी एकाच वेळी पाहिला नव्हता. प्राझिक्वांटेलचे दोन डोस झाले. गुंड्यालाही त्याच पाण्यात मिळाले, तोही जांभया देत होता असं आता आठवतं. ठमी ४२ वर आलीय. डाव्या कल्ल्याची कडा जरा आखूडच राहिली, झाकण पूर्ण बसत नाही, आतली लाल झालर दिसते. पण दोन्ही बाजूंनी श्वास घेतेय.

मोठी टाकी आणली आहे. मधल्या आठवड्यांत पुन्हा मळलेला जुना स्पंज तसाच नव्या फिल्टरमध्ये टाकला.

---

टवाळ_कार्टा | रविवार, सकाळी ११:२०

स्पंजचा फोटो टाका. ठमीचे फोटो सगळेच टाकतात.

---

बोलघेवडा | रविवार, रात्री १०:४५

बरं. हसायचं नाही. किट आणलं. दर महिन्याला बदलतो म्हणालो होतो, पण या वर्षी गुडघ्यामुळे राहून गेलं, फक्त वरून भरत होतो. पीएचची नळी पार तळाच्या रंगाची. सहा किंवा त्याच्याही खाली. अमोनिया ४. मासे मात्र मजेत. उद्या सगळं पाणी काढणार होतो.

---

निवांत_पाणी | रविवार, रात्री १०:५१

बादली खाली ठेवा. उद्या फक्त दहा टक्के. मग एक दिवसाआड दहा-दहा, आणि प्रत्येक वेळी आधी पीएच आणि अमोनिया मोजून. खाणं अगदी चिमूटभर. अमोनिया उतरण्याआधी पीएच सातच्या वर जाऊ देऊ नका. आकडे इथे टाकत राहा, मी रोज बघेन.